कपात ताटातून नको, कार्डापासून सुरू करा

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, हातात ४२,००० येतात. मी घरी शिलाई करते, त्याचे सरासरी साडेआठ हजार होतात. दोन वर्षांपूर्वी नणंदेचं लग्न झालं आणि त्याच वर्षी मिस्टरांचं काम चार महिने सुटलं होतं. तेव्हा झालेलं कर्ज काही उतरत नाही. पर्सनल लोनचे २,१०,००० बाकी आहेत, हप्ता ८,४००. क्रेडिट कार्डाचे ९२,०००. गाडीचे सात हप्ते राहिलेत, प्रत्येकी ३,१००. माझ्या पाटल्या पतसंस्थेत ७०,०००ला ठेवल्यात, त्याचं फक्त व्याज भरते. आणि दिरांचे ४०,००० हातउसने. त्यांच्या मुलीची पुढच्या जूनमध्ये इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन आहे. त्यांनी तोंड उघडून मागितले नाहीत, पण मलाच त्यांच्यासमोर जायला लाज वाटते.

मी होईल तेवढी काटकसर करते. किराणा, दूध, भाजी मिळून ८,०००मध्ये बसवते. फळं बंद केलीत, माझं दूध बंद केलंय, थायरॉइडची गोळी दिवसाआड घेते. तरी महिन्याला चारेक हजार कमी पडतात आणि ते कार्डावर जातात. मिस्टरांना म्हटलं, रोजचा बाहेरचा चहा-वडापाव आणि सिगारेट बंद करा. तर म्हणाले, ‘दिवसभर मशीनपुढे उभा असतो, दहा रुपयांच्या चहावरही तुझा डोळा?’ दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. ताई, अशा बारीकसारीक खर्चातून कर्ज खरंच फिटतं का? की पाटल्या मोडून मोकळं व्हावं? महिन्याचा सगळा खर्च आणि कार्डाचं बिल सोबत पाठवतेय.

उत्तर

नमस्कार,

तुमचा खर्चाचा कागद मी ओळ न् ओळ वाचला. इतकं प्रामाणिक टिपण फार थोडे लोक पाठवतात. तुम्ही त्यात भिशी लिहिलीत, सिगारेट लिहिलीत, बारशाला दिलेलं पाकीटही लिहिलंत. त्यामुळेच नेमकं काही सांगता येतंय.

पण पैशाच्या आधी गोळी. थायरॉइडची गोळी उद्या सकाळपासून रोज सुरू करा. इतके दिवस दिवसाआड घेत होते हे डॉक्टरांना न लाजता सांगा आणि रक्त तपासायला हवं का ते विचारा. ही गोळी मुळात स्वस्त आहे. दिवसाआड घेऊन तुमचे महिन्याला शंभर रुपयेसुद्धा वाचत नाहीत. उलट त्या अपुऱ्या डोसाने येणारा थकवा घेऊन तुम्ही मशीनवर बसता, म्हणजे घरातली साडेआठ हजारांची मिळकतच धोक्यात घालता.

आणि ते ८,०००. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोजचे त्रेपन्न रुपये होतात, त्यात दोन वेळचं जेवण, मुलांचे डबे, दूध, चहा, तेल, सगळं. यातून आता एक रुपयाही काढायचा नाही. घरात पैसे कमी पडले की पहिली कपात बाईच्या ताटात होते, आणि ती कोणाला दिसतही नाही, कारण शेवटी जेवायला तीच बसते. मला याचा मनापासून राग येतो. तुमचं दूध पुन्हा सुरू करा, आठवड्यातून दोनदा तरी घरात केळी-पेरू येऊ द्या. खालच्या हिशेबात मी हे वाढलेले पैसे वेगळे धरलेले नाहीत, कारण मुलांच्या खाऊच्या पुड्यांमधून ते सहज निघतात. त्याकडे पुढे येते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बारीकसारीक खर्चातून कर्ज फिटतं का? फिटतं, पण तुम्ही करताय तसं नाही. तुमचे वाचवलेले पैसे जातात कुठे, ते बघू.

कार्डाच्या बिलावर महिना साडेतीन टक्के व्याज लिहिलंय. वर्षाचे बेचाळीस टक्के झाले. ९२,०००वर महिन्याचं व्याज ३,२२० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ३,८००. तुम्ही दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरता, ४,६००. त्यातून मुद्दल फिटतं फक्त आठशे. आणि त्याच महिन्यात किराणा-पेट्रोलसाठी चार हजार पुन्हा कार्डावर घासले जातात. म्हणजे ४,६०० भरूनही महिनाअखेरीस कर्ज ३,२००नी वाढलेलं असतं. तुम्ही दूध सोडलंत, फळं सोडलीत, आणि ते सगळं इथे व्याजात गेलं. यात तुमच्या काटकसरीचा काही दोष नाही.

आणखी एक गोष्ट बिलाच्या मागे बारीक अक्षरात असते. कार्डाची मागची पूर्ण बाकी भरलेली नसेल, तर नव्या खरेदीला ते चाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी मुदतीचं सुख मिळत नाही. आज घासलेल्या पाचशे रुपयांच्या तेलाच्या डब्यावर आजपासूनच व्याज धावायला लागतं. म्हणून पहिलं काम एकच आहे: कार्ड वापरणं थांबवायचं. पाकिटातून काढून सासूबाईंच्या कपाटात ठेवा. मोबाईलवरच्या खरेदीच्या अ‍ॅपमध्ये त्याचा नंबर साठवलेला असेल तर काढून टाका. ते रुपे कार्ड असेल आणि यूपीआयला जोडलेलं असेल, तर तिथूनही काढा. नाहीतर भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करतानाही पैसे कर्जातून जातात आणि हाताला कळत नाही.

दुसरं काम याच आठवड्यात. तुमच्या कागदावर दोन ओळी आहेत ज्यांना तुम्ही बचत म्हटलंय: बँकेतली रिकरिंग, महिना १,०००, वीस महिने झालेले, आणि गल्लीतली भिशी, बारा बायका, प्रत्येकी २,०००, तुमचा नंबर मुद्दाम शेवटचा घेतलेला, दिवाळीसाठी. रिकरिंगवर बँक सहा-सात टक्के देते आणि कार्ड बेचाळीस घेतं. हा व्यवहार दर महिन्याला तुम्हाला तोट्यात ढकलतोय. रिकरिंग मोडा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, मिळू द्या. भिशी मात्र मोडू नका. ती अकरा बायकांच्या विश्वासावर चालते आणि अडीअडचणीला तुमच्या दारात याच बायका उभ्या राहणार आहेत. भिशी चालवणाऱ्या बाईंना जाऊन सांगा, मला शेवटचा नंबर नको, आताचा द्या. सात झाल्यात, पाच राहिल्यात. ज्यांचा नंबर आता आहे त्यांच्याशी अदलाबदल बहुतेक होऊन जाते. पुढचे हप्ते मात्र एक दिवसही न चुकवता भरायचे.

वीस हजार आणि चोवीस हजार, चव्वेचाळीस झाले. त्यातले चाळीस त्याच दिवशी कार्डावर भरा. कार्ड ९२,०००वरून ५२,०००वर येईल आणि व्याज-जीएसटी मिळून ३,८००चं २,१५०च्या आसपास. एक चहाही न सोडता महिन्याचे सोळाशे रुपये वाचले. उरलेले चार हजार वेगळ्या बचत खात्यात ठेवायचे, ते फक्त दवाखान्यासाठी. हा राखीव पैसा नसला की मुलाला ताप आल्यावर पहिल्यांदा कपाटातलं कार्डच बाहेर येतं.

आता चहा-वडापाव. वरची दोन कामं आधी झाली तरच त्या कपातीत अर्थ आहे, म्हणून मी हा विषय इतका मागे ठेवला.

तुम्हाला महिन्याला सात हजार हवेत. त्यातले चार कार्ड न घासता महिना काढायला, आणि तीन कार्डावर जास्तीचे भरायला. रिकरिंग बंद झाली, हजार तिथेच सुटले. बाकीचं तुमच्या कागदावरूनच काढते.

सगळ्यांत मोठी ओळ बाहेरच्या खाण्याची आहे, २,२००. रविवारी संध्याकाळी मागवलेलं. ते पूर्ण बंद करू नका. महिन्यातून एक रविवार ठेवा, पावभाजी खायची तर सगळे मिळून गाड्यावर जाऊन खा. घरी मागवलं की त्यात डिलिव्हरी, पॅकिंग आणि हॉटेलने अ‍ॅपवर वाढवून लावलेला दर असे तीन खर्च चढतात. इथे पंधराशे सुटतात. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपचे १,२०० आहेत. वस्तू लागतातच, पण कोथिंबीर मागवताना सोबत चिप्स, आइस्क्रीम आणि ‘आणखी चाळीसची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत’ येतं. अ‍ॅप काढून टाका, वाण्याकडे चिठ्ठी द्या. आठशे वाचतील. शाळेतून येताना मुलांना दोन-दोन पुड्या, त्याचे हजार. चारशेंपर्यंत आणा. त्यातल्या उरलेल्यांपैकी काही केळ्यांना, शेंगदाणे-गुळाला लागतील, लागू देत. अ‍ॅपमधून सुटलेल्यांतले थोडे तुमच्या दुधाला लागले तरी चालेल. चार फोनचे रिचार्ज आणि दोन ओटीटी मिळून तेराशे होतात. सासूबाई फक्त बोलण्यापुरता फोन वापरतात, त्यांना रोजच्या दोन जीबीचा पॅक कशाला? एक ओटीटी बंद करा. पाचशे सुटले.

पेट्रोलचे अठराशे. तुम्ही लिहिलंय की कंपनीची बस चौकात येते, पण बसला वीस मिनिटं आधी निघावं लागतं म्हणून मिस्टर गाडीनेच जातात. चाकणच्या रस्त्यावरची ट्रॅफिक लक्षात घेता ती वीस मिनिटं परत बसमध्ये झोपून मिळतील. बाराशे रुपये महिना वाचतील. मला विचाराल तर या कागदावर मिस्टरांकडून मागण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे, चहा नाही.

आहेर आणि पाकिटं, पंधराशे. इथे जरा थांबते, कारण या ओळीवर आपल्याकडे कोणी बोलत नाही. लग्नात पाचशे, बारशाला तीनशे, वाढदिवसाला भेटवस्तू, हळदीकुंकवाला वाण, आणि प्रत्येक वेळी मनात धास्ती: त्यांनी आपल्याला किती दिले होते? कर्ज असताना कार्यक्रमाला जाणं टाळू नका, माणसं तुटतात. जा, लवकर जा, वाढायला मदत करा आणि पाकिटात एकशे एक घाला. नणंदेच्या लग्नाच्या वेळी ज्यांनी हजार-हजार दिले त्यांना तितकेच परत करायचे ही भावना मी समजू शकते. त्यांच्या घरचं कार्य दोन वर्षांनी असेल तेव्हा करा. सातशे तरी इथे सुटतात.

आणि शेवटी कंपनीच्या गेटवरचा खर्च. रोजचे नव्वद, सव्वीस दिवसांचे २,३४०. तुमचं म्हणणं बरोबर आहे, रक्कम मोठी आहे. पण तुम्ही ‘बंद करा’ म्हणालात, तिथे गाडं अडलं. बारा तासांच्या ड्यूटीत गेटवरच्या टपरीपाशी चार मित्रांबरोबर घालवलेली दहा मिनिटं ही त्यांची एकुलती सुटका असेल. ती काढून घेऊ नका. त्याऐवजी महिन्याला हजार रुपये रोख त्यांच्या हातात द्यायचे, ज्याचा हिशेब कोणी विचारणार नाही. चहा घ्या, वडापाव खा, काय वाटेल ते करा, पण हजार संपले की संपले, वर यूपीआय नाही. डब्यात सकाळी दोन पोळ्या जास्त गेल्या तर वडापाव आपोआप कमी होतो. सिगारेटबद्दल मी त्यांना वेगळं सांगेन: ती पैशांसाठी नाही, मुलांसाठी सोडा. इथे तेराशे चाळीस सुटले.

तसेच पाचशे तुमचे. बिनहिशेबी, तुमच्या हातात. कागदावर तुमच्या नावाची एकही ओळ नव्हती, हे मला सगळ्यांत खटकलं. टिकल्या, मैत्रिणीबरोबर एखादी भेळ, काहीही. ज्या काटकसरीत एका माणसाला काहीच मिळत नाही ती चार महिन्यांच्या पलीकडे टिकत नाही, आणि तुम्हाला सव्वा वर्ष टिकायचं आहे.

सगळं मिळून तुमचे पाचशे वजा करूनही सात हजारांच्या थोडं वर जातं. त्यातलं केळी-दुधाला जे जाईल ते सासूबाईंच्या औषधांतून भरून निघेल, ते पुढे येतंच. हे पैसे महिनाअखेरीस उरतील अशी वाट बघत बसू नका, उरणार नाहीत. पगार सात तारखेला होतो ना, त्याच संध्याकाळी कार्डावर ४,६०० अधिक ३,०००, म्हणजे ७,६०० भरून टाकायचे. बिलाची शेवटची तारीख वीस असली तरी. कार्डाचं व्याज दिवसावर मोजतात, तेरा दिवस आधी भरलं तर तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं. मग भाजी-दूध-रोजच्या खर्चाचे पैसे दर सोमवारी रोखीने काढून डब्यात ठेवा. फोनवरून पैसे देताना शंभर आणि तीनशे सारखेच वाटतात. डब्यातल्या नोटा कमी झालेल्या सगळ्या घराला दिसतात, मुलांनाही.

या गतीने काय होतं ते सांगते. तुम्ही ५२,०००वर नुसते ४,६०० भरत राहिलात आणि कार्ड घासलं नाही, तरी फिटायला सोळा महिने लागतील. ७,६०० भरले, पाच महिन्यांनी भिशीचे दोन हजार मोकळे झाल्यावर तेही त्यात घातले, आणि गाडीचा हप्ता सातव्या महिन्यात संपल्यावर ते ३,१००ही, तर आठव्या महिन्यात कार्ड शून्य. आषाढात सुरुवात केलीत तर फेब्रुवारीत. म्हणजे चहा-वडापाव, पेट्रोल, पुड्या यांच्या कपातीने आणि मोकळ्या झालेल्या हप्त्यांनी मिळून आठ महिने वाचतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

मिस्टरांशी बोलताना हा क्रम ठेवा. रविवारी दुपारी, मुलं झोपल्यावर, कार्डाचं बिल समोर घेऊन बसा आणि आधी फक्त त्या ३,८०० व्याजावर बोट ठेवा. त्यांना बहुतेक हा आकडा माहीतच नसेल. ‘तुम्ही खर्च करता’ असं वाक्य त्या दुपारी तोंडातून येऊ देऊ नका. तुम्ही तुमची गोळी दिवसाआड घेत होतात, हे मात्र सांगा. ते त्यांना माहीत असायला हवं. कर्ज नणंदेच्या, म्हणजे त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं आहे, हेही तुमच्या मनात असेल. असू द्या मनात.

पाटल्या मोडू नका. पतसंस्थेचं व्याज तुम्ही लिहिलंय बारा टक्के, महिन्याला सातशे. ते वेळेवर भरताय तोवर तिथे घाई नाही. फक्त पावती बघून मुदत कधी संपते आणि नूतनीकरण कधी करायचं ती तारीख कॅलेंडरवर लिहा. व्याज थकलं की लिलावाची नोटीस येते, ती वेळ येऊ द्यायची नाही.

इथे एक रास्त शंका कोणी काढेल. सोन्याचा भाव वाढलाय, त्याच पाटल्यांवर आणखी कर्ज काढून बेचाळीस टक्क्यांचं कार्ड आजच का संपवू नये? किंवा कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेतून? हिशेबाने ते बरोबर आहे. आठ महिन्यांत तुम्ही कार्डाला साधारण दहा हजार व्याज द्याल, बारा टक्क्यांवर ते अडीच हजारांच्या आत राहील. तरीही आज जाऊ नका. कमी व्याजाच्या कर्जाने जास्त व्याजाचं फेडलेल्या कितीतरी घरांत सहा महिन्यांनी दोन्ही कर्जं असतात, कारण रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरतं. तीन महिने कार्ड न घासता काढून दाखवा. ऑक्टोबरपर्यंत बाकी ३५,०००वर आलेली असेल. मग दोघांनी मिळून ठरवा आणि गेलात तर कार्ड त्याच दिवशी बंद करायचा अर्ज द्या. बँकेशी ‘सेटलमेंट’ मात्र करू नका. थोडे पैसे सोडून देतो म्हणतात, पण सिबिलच्या, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत ते तसंच राहतं आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की आडवं येतं.

पर्सनल लोन चौदा टक्क्यांचं आहे, तीस हप्ते राहिलेत. ते जसं चाललंय तसं चालू द्या.

दिरांचे पैसे व्याजाचे नाहीत म्हणून शेवटी, असं गणित सांगतं. मी ते मानत नाही. त्यांना जूनमध्ये लागणार आहेत, आणि त्यांनी मागितले नाहीत हा त्यांचा मोठेपणा आहे. म्हणून कार्ड संपल्याबरोबर, सोन्याच्या आधी, दिरांचे द्या. फेब्रुवारीत कार्ड संपून सात-आठ हजार उरतील, मार्च-एप्रिल-मे महिन्याला बारा-साडेबारा हजार. मेअखेर चाळीस हजार पूर्ण होतात. आज त्यांच्याकडे मिस्टरांसोबत जा आणि हे सांगा: मार्चपासून देतोय, मेपर्यंत सगळे. तारीख सांगितली की लाज निम्मी कमी होते. त्यानंतर पाटल्या, पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास.

मध्ये सण येतील. श्रावण तोंडावर आहे. उपवासाचं खाणं साध्या जेवणापेक्षा महाग पडतं, साबुदाणा-शेंगदाण्याचा खर्च एकदा बघा आणि सगळ्या घराने सगळे सोमवार धरायलाच हवेत का ते सासूबाईंनाच विचारा. दिवाळीला भिशी नसेल, ती आपण आधीच वापरली. तेव्हा फराळ घरी, कपडे फक्त मुलांना, आणि कंपनीकडून बोनस आलाच तर निम्मा जूनच्या शाळेच्या खर्चासाठी बाजूला, निम्मा कार्डावर. जूनमध्ये वह्या, गणवेश, फी एकदम येतात आणि तिथेच वर्षभराचं बसवलेलं गणित बिघडतं.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचे हजार रुपये आहेत. डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा, तीच औषधं बऱ्याच कमी किमतीत मिळतात. हजाराचे चारशे झाले तर नवल नाही. शिधापत्रिकेवर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयात पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. तुमच्या जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आताच शोधून ठेवा, आजारपणाच्या रात्री शोधत बसू नका.

खर्चाच्या कागदाच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली होती, की मागे हप्ता चुकला तेव्हा वसुलीवाल्याने दिरांना फोन केला. असं करायची परवानगी त्यांना नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पुन्हा झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि फोनवर ‘पाच मिनिटांत वीस हजार’ म्हणणारी अ‍ॅप कितीही अडचण आली तरी उघडू नका. अडलात तर त्या चार हजारांना हात लावा, तेही संपले तर भिशीतल्या बायकांना सांगा.

आता तुमच्या मिळकतीचं. शिलाईची ३,८०० उधारी गल्लीत अडकलीये, ती या महिन्यात मागा. त्यांच्याकडे तुमचे पैसे असताना तुम्ही दूध बंद करावं हे कोणत्याच शेजारधर्मात बसत नाही. पैसे आले की दवाखान्याच्या खात्यात टाका. ब्लाउजचा दर तीन वर्षांत वाढवला नाही असं लिहिलंत. अस्तर, धागा, हुक सगळं तेवढ्यात महागलं. गौरी-गणपती आणि नवरात्राच्या ऑर्डरी आता येतील. त्या घेताना नवा दर सांगा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि उरलेले मिळाल्याशिवाय ब्लाउज द्यायचा नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं कुरकुर करतील. ज्यांना तुमच्या हातचं फिटिंग आवडतं त्या थांबतील.